गुरुवारची सुट्टी आणि मे महिन्यातले पाहुणे

भोसरी, चिखली, निगडी, चाकण या पट्ट्यात कुणाकडे पाहुणा यायचा झाला की गावाकडून फोनवर पहिला प्रश्न येतो, "शिफ्ट कोणती चाललीय?" प्रश्न साधा वाटतो, पण तो अनुभवातून आलेला आहे. इथलं घर, त्यातली लहान मुलं आणि आलेली माणसं हे सगळं तीन वेळापत्रकांवर चालतं: कंपनीची शिफ्ट, नळाचं पाणी आणि मुलांची झोप. ही तिन्ही आधी जुळवून घेतली तर दोन खोल्यांत आठ माणसं आनंदाने राहतात. ती जुळवायची कशी, तेच इथे सावकाश सांगते.

ही घरं मुळात दोन गावांत विभागलेली आहेत. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ साली आली, साठच्या दशकात एमआयडीसी, टेल्को, बजाज यांच्यामागून शेकडो लहान कारखाने उभे राहिले. १९८२ साली महानगरपालिका झाली. चाकणचा विस्तार त्यानंतरचा, मुख्यतः गेल्या पंचवीसेक वर्षांतला. प्रत्येक लाटेबरोबर लातूर, बीड, धाराशिव, नांदेड, सोलापूर, खानदेश, विदर्भ इथून तरुण माणसं आली. आई-वडील आणि जमीन मात्र गावीच राहिली. त्यामुळे इथे आजी-आजोबा, आत्या, मामा, मावशी ही माणसं रोज भेटणारी नाहीत, येऊन-जाऊन राहणारी आहेत. मुलांना नाती कळतात ती या मुक्कामांतूनच. म्हणून मुक्काम नीट पार पडणं ही मला नुसती पाहुणचाराची बाब वाटत नाही.

आता शिफ्ट. कंपनीगणिक वेळा थोड्या बदलतात, पण ढोबळमानाने फर्स्ट शिफ्ट सकाळी सात ते दुपारी साडेतीन, सेकंड साडेतीन ते रात्री बारा आणि थर्ड बारा ते सकाळी सात. पाळ्या बहुधा आठवड्याने बदलतात. फर्स्टचा आठवडा माणसं येण्यासाठी सर्वांत चांगला. बाबा पहाटे जातात खरे, पण चार-साडेचारला घरी असतात, मुलं शाळेतून आलेली असतात, संध्याकाळ सगळ्यांची मिळून होते. सेकंडच्या आठवड्यात बाबांची सकाळ मोकळी असते. आजोबांना दवाखान्यात दाखवायचं, कुणाचं ऑफिसातलं काम करायचं, देवदर्शन करायचं तर हा आठवडा घ्यावा. पण शाळेत जाणाऱ्या मुलासाठी हा वाईट आठवडा असतो. मूल दुपारी घरी येतं तेव्हा बाबा निघून गेलेले असतात आणि बाबा येतात तेव्हा ते झोपलेलं असतं. अशा आठवड्यात काका किंवा मामा घरात असेल तर मुलाची संध्याकाळ भरून निघते, हाही विचार करण्यासारखा आहे.

थर्ड शिफ्टच्या आठवड्यात मात्र लेकुरवाळी माणसं बोलवू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. साडेसात-आठला घरी आलेला माणूस दुपारी दोनपर्यंत झोपला नाही तर रात्री मशीनसमोर उभा राहताना त्याच्या हाता-बोटांना धोका असतो. आणि ऐन त्याच वेळी घरात तीन-चार मुलं, कुकरच्या शिट्ट्या, टीव्ही, दाराची बेल. तरी पाहुणे आलेच, तर व्यवस्था अशी लावतात: आतली खोली झोपणाऱ्याला, खिडकीवर जाड चादर, पंखा मोठा. मिक्सरचं काम आदल्या रात्रीच उरकायचं. सकाळी नऊ ते एक मुलांना आणि पाहुण्यांना घराबाहेर काढायचं. देहू, आळंदी, चिंचवडचं मोरया गोसावींचं समाधी मंदिर, चिंचवडमधलं सायन्स पार्क अशी ठिकाणं हाताशी आहेत. दुपारी अडीचला बाबा उठले की पुढचे चार तास त्यांचे आणि मुलांचे.

रजेचा विषय पाहुण्यांना आधीच मोकळेपणाने सांगितलेला बरा. कायम नोकरीवाल्याला रजा असते. कंत्राटी कामगाराचं तसं नसतं. एक खाडा पडला की त्या दिवसाचा पगार जातो आणि पुष्कळ ठिकाणी महिन्याचा हजेरी भत्ताही जातो. "चार दिवस सुट्टी टाक की, आम्ही रोज येतो का?" असं मायेने म्हणणाऱ्या चुलत्याला हे माहीत नसतं. सांगितलं की कळतं, आणि मग कुणाला राग येत नाही.

साप्ताहिक सुट्टीचीही इथली एक गंमत आहे. विजेची मागणी एकाच दिवशी एकवटू नये म्हणून औद्योगिक वसाहतींना सुट्टीचे वेगवेगळे वार ठरवून दिले गेले आणि पिंपरी-चिंचवड-भोसरीच्या वाट्याला गुरुवार आला. महावितरणची दुरुस्तीची कामंही मग गुरुवारीच निघतात. कंपनीला गुरुवारी सुट्टी, शाळेला रविवारी. चाकणच्या काही कारखान्यांत रविवार असतो, म्हणजे दोन भावांत एकाला गुरुवार आणि दुसऱ्याला रविवार असंही होतं. म्हणून मोठं जेवण किंवा वाढदिवस ठरवताना आधी वार विचारायचा. सगळ्यांचे वार खऱ्या अर्थाने जुळतात ते दिवाळीत आणि मे महिन्याच्या सुट्टीत. मेमध्ये शाळेचा अडसर नसतो, बाबांचा गुरुवार सगळ्यांचा गुरुवार होतो. त्या दिवशी निगडीचं अप्पूघर, शेजारची दुर्गा टेकडी नाहीतर मेट्रो. पिंपरीहून मेट्रो ६ मार्च २०२२ रोजी सुरू झाली ती फुगेवाडीपर्यंत, आणि सप्टेंबर २०२४ अखेर थेट स्वारगेटपर्यंत गेली. गावाकडच्या मुलांना मेट्रोची नुसती फेरी पुरते. तान्हं किंवा चालायला शिकलेलं मूल सोबत असेल तर आळंदीला एकादशीच्या दिवशी जाऊ नये, आणि कार्तिकीत तर नाहीच.

मे महिना पाहुण्यांना सोयीचा आहे, पण पाण्याला नाही. शहराला मुख्यतः पवना धरणाचं पाणी मिळतं. ते रावेतच्या बंधाऱ्याजवळून उचललं जातं आणि निगडीच्या सेक्टर २३ मध्ये शुद्ध होतं. नोव्हेंबर २०१९ पासून शहरात दिवसाआड पाणी आहे. पुढे आंद्रा धरणाची भर पडली, पण शहरही तितक्याच वेगाने वाढलं. धरण तळाला जाण्याचे दिवस आणि घर माणसांनी भरण्याचे दिवस नेमके एकच येतात. म्हणून पाण्याचा हिशेब आधी करावा. शहरी पाणीपुरवठ्याचं मानक माणशी दिवसाला १३५ लिटर धरतं. म्हणजे चौघांच्या घराला दोन दिवसांचे १०८० लिटर झाले. साठवलेल्या पाण्यावर चालणाऱ्या घरात एवढं कुणी वापरत नाही. काटकसरीने माणशी ५० लिटर धरले तरी चार पाहुण्यांना दोन दिवसांचे ४०० लिटर जास्त लागतात, म्हणजे २०० लिटरचे दोन पिंप. ते कुठे ठेवायचे हे पाहुणे यायच्या आधी ठरवावं. शक्यतो माणसं पाण्याच्या दिवशी उतरतील असं पाहावं. प्रवासाचे कपडे, मुलांच्या आंघोळी, सगळं त्या दिवशी निघतं. बैठ्या चाळीत राहत असाल, खराबवाडी, नाणेकरवाडी, कुरुळीकडे अशा खोल्यांच्या रांगा आहेत, तर शेजारणीला आधी सांगून ठेवावं. नळ एक आणि माणसं वाढलेली, असं झालं की भांडण अटळ असतं.

आणि इथे थोडं थांबून एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. साठवलेलं पाणी हा लहान मुलाच्या जिवाला सर्वांत मोठा धोका आहे. एक ते तीन वर्षांच्या मुलाचं डोकं शरीराच्या मानाने जड असतं. ते बादलीत वाकून पाहतं, तोल जातो, पाय वर होतात आणि हातांत स्वतःला बाहेर ढकलण्याइतकी ताकद नसते. बादली अर्धी भरलेली असली तरी एवढं पुरतं. आवाज होत नाही, ओरडणं नाही. म्हणून पिंपाला घट्ट बसणारं झाकण, त्यावर वजन किंवा कडी. न्हाणीघराला बाहेरून, वरच्या बाजूला कडी, आणि ती लावण्याची सवय पाहुण्यांसकट सगळ्यांना. रिकामी बादली पालथी. पिंपाजवळ पाट किंवा स्टूल ठेवायचं नाही, आणि गॅलरीच्या कठड्याजवळही नाही.

घरात माणसं वाढली की मूल जास्त सुरक्षित होतं असं वाटतं, प्रत्यक्षात उलट होतं. आईला वाटतं आत्याजवळ आहे, आत्याला वाटतं आजीजवळ आहे, आजी देवापुढे बसलेली असते. यावर उपाय इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे, कारण तो कंपनीत रोज केला जातो. शिफ्ट बदलताना पुढचा माणूस मशीनवर आल्याशिवाय आधीचा जागा सोडत नाही, चार्ज तोंडी देतो आणि पुढचा तो तोंडी घेतो. मुलाचं तसंच. "वन्सं, मी आंघोळीला चाललेय, चिनू तुमच्याकडे आहे" आणि समोरून "हो, माझ्याकडे आहे" हे शब्द उच्चारले गेले पाहिजेत. उत्तर आलं नाही तर चार्ज दिलाच गेला नाही असं समजायचं. दहा-बारा वर्षांच्या भावंडाकडे मूल खेळायला द्यावं, पण सांभाळायला देऊ नये.

पाहुण्यांच्या सामानाकडेही याच नजरेने बघावं लागतं. लातूर-नांदेडकडच्या ट्रॅव्हल्स पहाटे निगडी-चिंचवडच्या चौकांत माणसं उतरवतात. त्याच वेळी, त्याच चौकांत फर्स्ट शिफ्टच्या कंपनी बस भरत असतात. घेऊन जाणाऱ्याची घाई, आणि मग पिशव्या घरात आल्या की जिथे जागा मिळेल तिथे जमिनीवर पडतात. त्या पिशव्यांत आजोबांच्या बीपीच्या नि साखरेच्या गोळ्या असतात, मिश्रीची डबी असते, तंबाखूची पुडी असते, एखादा झंडू बाम असतो. रांगणाऱ्या मुलाला नवी पिशवी म्हणजे नवं खेळणं. मोठ्यांची साखरेची एखादी गोळीसुद्धा लहान मुलाची साखर धोकादायक इतकी खाली आणू शकते. तेव्हा चहाच्या आधी औषधांची पिशवी मागून घ्यावी, वरच्या फळीवर ठेवावी आणि आजोबांना जागा दाखवावी. "बाबा, गोळ्या इथे ठेवते, पोरगं सगळं तोंडात घालतं" असं सांगितलं की कुणी वाईट वाटून घेत नाही.

त्याच पिशव्यांबरोबर ज्वारी, तूरडाळ, शेवया, कुरडया, शेंगा येतात. हे धान्य म्हणजे गावाने पाठवलेलं प्रेमच, आणि महागाईत मोठा आधार. पण पोतं घरात घेण्याआधी एक प्रश्न न चुकता विचारावा: "यात गोळी टाकलीय का?" किडीसाठी धान्यात टाकली जाणारी ती गोळी बहुतेक वेळा ॲल्युमिनियम फॉस्फाइडची असते. हवेतल्या ओलाव्याशी संयोग झाला की तिच्यातून फॉस्फिन हा अत्यंत विषारी वायू सुटतो. त्यावर उतारा नाही. गावातल्या मोकळ्या कोठारातली सवय इथे दहा बाय दहाच्या बंद खोलीत, जिथे रात्री पाच माणसं झोपतात, जिवावर बेतू शकते. ही गोळी घरात वापरण्यासाठी नाहीच. गोळी टाकलेली असेल तर ते पोतं राहत्या खोलीत आणूच नये. लसणासारखा किंवा कुजक्या मासळीसारखा वास आला, कुणाला मळमळलं, तर सगळ्यांनी ताबडतोब बाहेर पडून मोठा सरकारी दवाखाना गाठावा आणि डॉक्टरांना "धान्यातली गोळी" हे शब्द आधी सांगावेत. इथून पुढे गावी निरोप द्यावा: धान्य कडक उन्हात वाळवून, कडुलिंबाचा पाला घालून पाठवा. एवढी एक सूचना प्रत्येक घरातून गावी जावी, असं मला मनापासून वाटतं.

घरात तान्हं बाळ असेल तर पाहुण्यांच्या प्रेमाला थोडी वाट काढून द्यावी लागते. सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचं दूध, उन्हाळ्यातसुद्धा वरचं पाणी नाही. घुटी नाही. वर्षाच्या आत मध तर बोटाला लावूनही नाही, कारण मधात बोट्युलिझमच्या जंतूंची बीजं असू शकतात आणि बाळाचं आतडं त्यांना रोखू शकत नाही. डोळ्यांत काजळ नाही. तीट लावायचीच असेल तर तळपायाला लावा. सर्दी-खोकला असलेल्याने बाळाला घेऊ नये, आणि पापी कुणीच घेऊ नये. हे सांगणं नव्या सुनेला जड जातं. तिथे "डॉक्टरांनी बजावलंय" हे वाक्य उपयोगी पडतं, आणि ते तिच्याऐवजी तिच्या नवऱ्याने म्हटलं तर जास्त चांगलं. मात्र नुसतं नको-नको म्हणू नये. आजीला जे उत्तम येतं ते तिच्याकडे सोपवावं. ढेकर काढणं, हलक्या हाताने तेल लावणं, पायांवर घेऊन झोपवणं, आणि सहा महिन्यांनंतर मऊ भात, मुगाच्या डाळीचं घट्ट वरण, नाचणीचं सत्त्व. यात आजीइतका सरावलेला हात कुणाचा नसतो.

तीनेक वर्षांच्या मुलाबद्दल एवढंच की भावंडं यायच्या आधी त्याची दोन जिवलग खेळणी कपाटात ठेवावीत. त्या वयाला वाटून घेणं समजतच नाही, आणि सगळ्यांसमोर "दे ना दादाला" म्हणून ओरडल्याने ते समजणारही नाही. दुपारची झोप मात्र कुणासाठीही मोडू नये. संध्याकाळची निम्मी रडारड चुकलेल्या झोपेची असते.

काही पाहुणे चार दिवसांसाठी येतात, काही चार महिन्यांसाठी. दुसऱ्या प्रकारात बहुधा आजी असते. मातृत्व रजा २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची झाली. पन्नास किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेत पाळणाघर असावं, असंही कायदा सांगतो. पण लहान वर्कशॉपमध्ये, कंत्राटी कामावर असलेल्या बाईच्या पदरात यातलं किती पडतं ते इथल्या घराघरांत ठाऊक आहे. रजा संपते तेव्हा मूल सहा महिन्यांचंही नसतं, आणि तिथून आजीची पाळी सुरू होते. हल्ली आजीचं येणं सोपं झालं त्यामागे एसटीचा वाटा आहे. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना प्रवास मोफत, आणि १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांना अर्धं तिकीट. वल्लभनगरच्या स्थानकावर उतरणाऱ्या बायकांत नातवंडं सांभाळायला आलेल्या आज्या पुष्कळ दिसतात.

आजीच्या मुक्कामाचं नियोजन शेतीच्या हंगामावर बेतावं. मराठवाड्यात सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर सोयाबीनची काढणी, फेब्रुवारी-मार्चमध्ये ज्वारी. त्या दिवसांत आजी मनाने गावीच असते. म्हणून दोन्हीकडच्या आज्यांनी पाळ्या वाटून घेतलेल्या बऱ्या. कामावर रुजू होण्याआधी निदान दोन आठवडे आई आणि आजी एकत्र असाव्यात, म्हणजे बाळ हाताला रुळतं आणि आजीला गॅसचा शेगडी-लायटर, लिफ्ट, गेटवरच्या वॉचमनचं ॲपवर परवानगी मागणं हे सगळं अंगवळणी पडतं. गेटवर स्वतःच्या मुलाच्या घरी जायला परवानगी लागते हे म्हाताऱ्या माणसाला टोचतं. नाव आधीच नोंदवून ठेवलं तर तो प्रसंग टळतो.

आजीला दुपारी दोन तास पडायला मिळालं पाहिजे. ती पासष्टीची असते, गुडघे दुखत असतात, आणि रांगणाऱ्या मुलामागे आठ तास पळणं हे कंपनीतल्या पाळीइतकंच दमवणारं काम आहे. पाचव्या मजल्यावर दिवसभर कुणाशी बोलायला नसतं. जवळच्या मंदिरात संध्याकाळी भजनी मंडळ असतं का, सोसायटीत गावाकडची कुणी बाई आहे का, हे शोधून द्यावं. ज्येष्ठात तुकोबांची पालखी देहूहून निघून आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामी येते तेव्हा तरी आजीला सुट्टी द्यावी आणि दर्शनाला न्यावं. तिच्या गोळ्या संपण्याआधी आणाव्यात, तिच्या हातात स्वतःचे खर्चाचे पैसे असावेत. मुलाच्या आजारपणात "तुमचं लक्ष नव्हतं" हे वाक्य घरात कुणीही उच्चारू नये.

पाहुणे परत जायचे तेव्हा ओटी, टॉवेल-टोपी, मुलांच्या हातात खाऊचे पैसे हे सगळं होतं. एक मात्र विसरतं. लहान मुलाला ते जाणार हे आदल्या दिवशी सांगायला हवं. झोपलेल्या मुलाला चुकवून निघून गेलं तर उठल्यावर ते घरभर शोधतं, आणि पुढचे काही दिवस आईला सोडत नाही. रडू दे, पण हात हलवून निरोप देऊ दे. नंतरचे दोन-चार दिवस झोप आणि जेवण विस्कटलेलं राहतं. त्या आठवड्यात नवी शाळा, नवं पाळणाघर सुरू करू नये.

कधी आजी परत जाताना बाळाला आणि आईलाही महिनाभर गावी घेऊन जाते. तेव्हा पिशवीत पहिल्यांदा माता-बाल संरक्षण कार्ड ठेवावं. सहाव्या, दहाव्या, चौदाव्या आठवड्याचे डोस, नवव्या महिन्यातली गोवर-रुबेलाची लस, सोळा ते चोवीस महिन्यांतले बूस्टर, यातला कोणता त्या महिन्यात येतो ते पाहून तारखेवर खूण करावी. लस इथे पालिकेच्या दवाखान्यात सुरू केली असली तरी पुढचा डोस गावच्या उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतो. कार्ड दाखवायचं आणि तिथल्या नोंदीची सही त्याच कार्डावर घ्यायची.